जुन्या बाजारांतील लष्करी वस्तु व त्यांचा कालनिर्णय

एखादें जुनें नाणें सांपडलें, तर तें जाणकाराला दाखवावें असें सुशिक्षित माणसाला सहज वाटतें. ताम्रपट, शिलालेख, पोथ्या, मोडी दफ्तरें यांनाहि आतां पुष्कळ कदरदान लाभले आहेत. परंतु भंगाराच्या ढिगांत पडलेली सैनिकाची पाण्याची बाटली, त्याचा जेवणाचा डबा, त्याचें होकायंत्र किंवा त्याची काळी पत्र्याची पेटी हींहि इतिहासाचीं साधनेंच होत, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत येते. राजे व सेनापति यांच्यासाठीं बखरी लिहिल्या गेल्या, पुतळे उभारले गेले. साध्या शिपायानें मागें ठेवलें तें बहुधा एवढेंच. त्याचें नांव, त्याची पलटण आणि त्याचा काळ पुष्कळदां त्या पत्र्यावरच्या दोन ओळींतच शिल्लक असतो, आणि त्या दोन ओळी एका सकाळच्या घासण्यानें नाहींशा होऊं शकतात. म्हणून या वस्तु ओळखाव्या कशा, त्यांचा काळ ठरवावा कसा आणि त्या हाताळतांना काय जपावें, याचा विचार करणें अगत्याचें आहे.

यवतमाळ हा लष्करी छावण्यांचा जिल्हा नव्हे. कापूस आणि सागवान यांसाठीं तो प्रसिद्ध आहे. तरीहि अशा वस्तु तेथील आठवडी बाजारांत किंवा भंगाराच्या दुकानांत येऊन पडण्याच्या वाटा नकाशावर स्पष्ट दिसतात. ईशान्येस नागपूरजवळ कामठीची छावणी १८२१ पासून आहे. जिल्ह्याच्या सीमेवरून वाहणारी वर्धा नदी ओलांडली, कीं वर्धा जिल्ह्यांतील पुलगांव येथें सैन्याचें दारूगोळ्याचें मोठें भांडार लागतें. मुंबई-नागपूर लोहमार्गावरील धामणगांव हें यवतमाळचें जवळचें स्थानक. आणि मूर्तिजापूरहून यवतमाळला येणारी ‘शकुंतला’ ही अरुंद रुळांची गाडीहि पूर्वीं माणसांची व मालाची ने-आण करीत असे. या वाटांनीं निवृत्त शिपाई आपली पेटी घेऊन गांवीं परतला. त्याच्या पश्चात् ती पेटी माळ्यावर गेली. आणि घर पाडतांना किंवा वांटणी होतांना ती भंगारांत निघाली. हा झाला एक प्रकार.

दुसरी वाट लिलावाची. दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपलें, तेव्हां हिंदुस्थानांत तंबू, कांबळीं, बाटल्या, डबे, दोर आणि मोटारी यांचे डोंगर उरले होते. १९४६ सालीं अमेरिकेशीं झालेल्या करारानें अमेरिकन सैन्याचें येथील पुष्कळसें उरलेलें सामानहि हिंदुस्थान सरकारच्या हातीं आलें. हें सर्व सरकारच्या ‘डिस्पोझल’ खात्यानें विकावयास काढलें. पुढें १९५१ सालीं सरकारी खरेदी व विक्री हीं दोन्ही कामें ज्या एका मध्यवर्ती खात्याकडे सोंपविण्यांत आलीं, तें २०१७ पर्यंत चालू होतें. कल्याणजवळची एक अवघी लष्करी छावणीच फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचें वसतिस्थान झाली व १९४९ सालीं तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. यावरून युद्धानंतर उरलेल्या सामग्रीचा व्याप ध्यानांत यावा. लिलावांतील माल पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार अशा ठिकाणांहून हातोहात दूरवर गेला. त्यामुळें पहिला नियम असा ठरतो, कीं वस्तु जेथें सांपडली तेथल्याच शिपायाची ती असेल, असें धरून चालूं नये. स्थान ही साक्ष नव्हे. साक्ष वस्तूच्या अंगावर शोधावी.

या साक्षींपैकीं पहिली साक्ष शिक्क्याची. ब्रिटिश सरकारच्या मालकीच्या लष्करी वस्तूवर तीन रेघांचा रुंद बाण उठविण्याची जुनी चाल होती. हिंदुस्थान सरकारच्या मालावर त्या बाणाखालीं इंग्रजी ‘आय’ हें अक्षर असे. कॅनडाच्या मालावर तोच बाण ‘सी’ या अक्षराच्या पोटांत दिसतो, आणि ऑस्ट्रेलियाच्या मालावर दोन ‘डी’ अक्षरांच्या मधोमध. यावरून वस्तु कोणत्या सरकारची, हें कळतें. कधीं कधीं दोन बाण एकमेकांना टोंकें भिडवून उठविलेले आढळतात. ही वस्तु नोंदींतून काढून रीतसर विकली गेल्याची खूण होय. जुन्या वस्तूंच्या ग्राहकाला हें चिन्ह पाहून समाधान वाटण्यास हरकत नाहीं.

मात्र बाण दिसला कीं वस्तु इंग्रजांच्या अमदानींतील, असें मानणें ही एक सार्वत्रिक चूक आहे. भारतीय सैन्याच्या मोटारींच्या क्रमांकपाट्यांवर वर टोंक केलेला बाण आजहि असतो. तेव्हां बाणाच्या शेजारीं काय आहे, तें पाहावें. मुकुट आणि राजाचीं आद्याक्षरें असल्यास काळ चटकन् आंखतां येतो. राणी व्हिक्टोरियाचीं अक्षरें १९०१ पर्यंत, सातव्या एडवर्डचीं १९०१ ते १९१० पर्यंत, आणि पांचव्या व सहाव्या जॉर्जचीं त्यानंतर. त्या अक्षरांत सम्राट्‌पदाचा द्योतक ‘आय’ असेल, तर ती वस्तु १८७७ नंतरची, कारण त्या वर्षारंभीं व्हिक्टोरियाला सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यांत आलें. आणि सामान्यतः ती स्वातंत्र्यापूर्वींची. उलट, अशोकस्तंभाचे सिंह उठविलेले असतील, तर ती वस्तु २६ जानेवारी १९५० च्या अलीकडची मानण्यास प्रत्यवाय नाहीं.

दुसरी साक्ष नांवांची. गांवांचीं, प्रांतांचीं व पलटणींचीं नांवें बदलत गेलीं, आणि प्रत्येक बदल हा कालगणनेचा एक दगड होऊन बसला. कानपूर हें चामड्याच्या व कापडी लष्करी सामानाचें मोठें केंद्र. त्याचें ‘कॉनपोर’ हें इंग्रजी रूप १९४८ सालीं बदललें. म्हणून पट्ट्यावर किंवा खोगिराच्या चामड्यावर ‘कॉनपोर’ असा शिक्का असेल, तर तो माल त्यापूर्वींचा.

यवतमाळकरांना तर आपल्या जिल्ह्याच्या नांवानेंच ही विद्या शिकतां येईल. शिपायाच्या पेटीवर त्याचें नांव व पत्ता पांढऱ्या रंगानें लिहिण्याचा प्रघात होता. हा जिल्हा १९०५ पर्यंत ‘वुन’ म्हणजे वणी या नांवानें ओळखला जाई. त्या वर्षीं त्याला यवतमाळ हें नांव मिळालें, आणि इंग्रजींत तें दीर्घकाळ ‘येओतमाल’ असें लिहिलें गेलें. वऱ्हाड १९०३ सालीं मध्यप्रांतांत समाविष्ट झाला; तत्पूर्वीं सरकारी कागदांत त्याचा उल्लेख हैदराबादकडून सोंपविलेले जिल्हे असा होत असे. २६ जानेवारी १९५० पासून मध्यप्रांत व वऱ्हाडाचें मध्यप्रदेश राज्य झालें व नागपूर ही त्याची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत. त्यामुळें ‘यवतमाळ, एम. पी.’ असा पत्ता असलेली पेटी १९५० ते १९५६ या थोडक्या वर्षांत रंगविली गेली असणार. मुंबई राज्य लिहिलेली १९५६ ते १९६० या काळांत. आणि ४४५००१ असा सहा आंकडी पिनकोड असेल, तर तें लेखन १५ ऑगस्ट १९७२ नंतरचें, कारण ती पद्धति त्याच दिवशीं सुरू झाली. जुन्या वळणानें पत्ता लिहिणारे लोक सर्वत्र असतात, हें मात्र विसरूं नये. नवें नांव वस्तूला अमुक सालापूर्वींची होऊं देत नाहीं; जुनें नांव मात्र केवळ संभव सुचवितें.

पलटणींच्या नांवांचेंहि असेंच आहे. १९०३ च्या पुनर्रचनेंत मराठा पलटणींना १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ असे तीन आंकडी क्रमांक मिळाले. १९२२ सालीं ते रद्द होऊन त्या पलटणी पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रींत गोंवल्या गेल्या. तेव्हां जेवणाच्या डब्यावर ११० किंवा ११७ हा क्रमांक मराठा नांवासह कोरलेला असेल, तर तें कोरीव काम १९०३ ते १९२२ या दरम्यानचें. आणि असा डबा हातीं येणें ही कांहीं सामान्य गोष्ट नव्हे. १०३, ११० व ११७ या तिन्ही मराठा पलटणी मेसापोटेमियांत कुत-अल-अमारा येथील वेढ्यांत सांपडल्या होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तो वेढा चालला. अखेरीस अन्न इतकें तुटलें, कीं विमानांतून धान्य टाकण्याचा प्रयत्न करावा लागला, आणि शेवटीं उपासमारीनें शरणागति आली. त्या काळच्या डब्याचें मोल पितळेच्या किंवा कथिलाच्या भावानें करतां येत नाहीं. तसेंच ‘महार’ हें नांव व कोरेगांवचा जयस्तंभ असलेलें टोपीचें चिन्ह आढळल्यास तें १९४१ नंतरचें. कारण महार रेजिमेंटची पहिली पलटण त्या वर्षीं बेळगांवास उभी राहिली व दुसरी विदर्भांतच, कामठीस. पुढच्या काळांतील चिन्हावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन मशिनगना आल्या.

तिसरी साक्ष द्रव्याची व घडणीची. आणि शिक्का झिजून गेला असतां हीच उपयोगी पडते. पाण्याच्या बाटलीचेंच उदाहरण घ्यावें. ब्रिटिश पद्धतीची जुनी बाटली लोखंडी पत्र्याची, निळ्या इनॅमलची, बाहेरून बनातीनें मढविलेली आणि दोरीनें बांधलेल्या बुचाची असे. ती दोन्ही महायुद्धांच्या काळांत चालली. म्हणून केवळ तिच्यावरून निर्णय करूं नये, ती ज्या पट्ट्यांत अडकविली असेल ते पाहावे. सुती विणीच्या पट्ट्यांचा एक संच १९०८ चा व दुसरा १९३७ चा. दुसऱ्यांतील पट्टे, पिशव्या व बाटलीची खोळ यांवर आंतील बाजूस बहुधा कारखान्याचीं अक्षरें व साल छापलेलें सांपडतें. ब्रह्मदेशाच्या जंगलांतील अनुभवावरून जो १९४४ चा संच निघाला, त्यांत हिरवा रंग, हलका ॲल्युमिनियम, मळसूत्री झांकण आणि बाटलीखालीं बसणारा पेला हे विशेष आहेत. अमेरिकन बाटलीच्या तळाशीं ‘यू. एस.’, कारखान्याचें नांव आणि साल ठसठशीत उठविलेलें असतें. ती एरवीं ॲल्युमिनियमची. परंतु १९४२ च्या सुमारास त्या धातूची टंचाई पडल्यामुळें पोलादाच्या व इनॅमलच्या बाटल्याहि निघाल्या. प्लास्टिकची अमेरिकन बाटली १९६० नंतरच्या वर्षांतली.

डबे व औषधें यांच्या बाबतींत मापें पाहावीं. भारतांत दशमान पद्धतीचा कायदा १९५६ सालीं झाला व ती पुढील सहा वर्षांत क्रमाक्रमानें सर्वत्र लागू झाली. भारतीय मालावर औंस व पाइंट असतील, तर बहुधा तो त्यापूर्वींचा. ग्रॅम व लिटर असतील, तर त्यानंतरचा.

कांहीं वस्तु तर अशा आहेत, कीं त्या ओळखल्या न गेल्यामुळेंच टाकून दिल्या जातात. दोन लहान डब्या एकत्र बसविलेल्या आढळल्या, तर ती पाणी शुद्ध करण्याची सामग्री असण्याचा संभव आहे; एका डबींत जंतु मारणाऱ्या गोळ्या व दुसरींत त्या औषधाची चव घालविणाऱ्या गोळ्या असत. रेशमावर किंवा तशाच तलम कापडावर छापलेला ब्रह्मदेशाचा नकाशा म्हणजे रुमाल नव्हे. विमान पडल्यावर शत्रूच्या मुलखांतून सुटून येण्यासाठीं वैमानिकाला दिलेली ती शिदोरी होय. कागद भिजतो, फाटतो आणि उलगडतांना आवाज करतो. कापड यांतलें कांहींच करीत नाहीं. आणि तागाच्या कापडाचा दोऱ्या लावलेला मोठा गोल तुकडा कदाचित् गोणपाट नसून हवाई छत्री असेल. चौदाव्या सैन्याचे सेनापति स्लिम यांना रेशमी छत्र्या मिळेनात, तेव्हां कलकत्त्याच्या तागापासून सामान उतरविण्याच्या छत्र्या करविण्यांत आल्या. नेहमींच्या छत्रीस वीस पौंडांहून अधिक पडत असतां तागाची छत्री सुमारें एका पौंडांत झाली, अशी नोंद स्लिम यांनींच करून ठेवली आहे.

या किरकोळ वाटणाऱ्या वस्तूंवर किती जीव अवलंबून होते, याचीहि साक्ष स्लिम यांच्याच लेखनांत आहे. १९४३ सालीं त्यांच्या सैन्यांत जखमी होऊन मागें पाठविलेल्या प्रत्येक सैनिकामागें आजारानें मागें पाठविलेले १२० सैनिक होते. हिंवताप हा त्यांतला मोठा वैरी. जावा बेट १९४२ सालीं जपानच्या हातीं गेल्यानें क्विनाईनचा मुख्य पुरवठाच तुटला, आणि मेपाक्रिन या कृत्रिम औषधावर भिस्त ठेवावी लागली. गोळ्यांची रिकामी डबी, मच्छरदाणीचा तुकडा, पाणी शुद्ध करण्याची पुडी यांनीं त्या मोहिमेंत बंदुकीइतकेंच काम केलें. इतिहासाच्या ग्रंथांत लढाया असतात. जगणें कसें झालें, तें या डब्यांत असतें.

चौथी साक्ष विरोधी पक्षाची, म्हणजे बनावट मालाची. पितळी होकायंत्रें, दुर्बिणी व कोनमापक यंत्रें लंडनच्या जुन्या कारखान्यांचीं नांवें व जुनीं सालें कोरून शोभेच्या वस्तु म्हणून हल्लीं पुष्कळ तयार होतात. विकत घेतांना तीं शोभेचीं असतात आणि तिसऱ्या हातांत गेलीं, कीं ऐतिहासिक होतात! यांतील एक प्रसिद्ध नमुना ‘केल्व्हिन अँड ह्यूजेस, लंडन, १९१७’ असा लेख असलेल्या यंत्रांचा. परंतु केल्व्हिन व ह्यूजेस हे दोन निरनिराळे कारखाने एकत्र होऊन त्या नांवाची कंपनी १९४७ सालीं स्थापन झाली. जी कंपनी तीस वर्षांनंतर जन्मास आली, तिनें १९१७ सालीं यंत्र घडविलें, हें कसें संभवेल? अशा वेळीं भिंग, तिखट द्रव्यें किंवा तज्ज्ञ यांची गरज पडत नाहीं. नांव व साल यांची गांठ घालून पाहिलें, कीं पुरतें. खऱ्या लष्करी होकायंत्रावर अलंकार नसतात. कारखान्याचें आटोपशीर नांव, क्रमांक, साल व बाण एवढेंच असतें. सैन्याला वस्तु मोजावयाच्या असतात, मिरवावयाच्या नसतात.

या चारहि साक्षी एकत्र ऐकून मगच निकाल द्यावा. समजा, एका पेटीच्या कडीवर बाण, त्याखालीं ‘आय’ आणि १९४२ हें साल आहे. आणि झांकणावर ‘यवतमाळ, एम. पी.’ असा पत्ता रंगविला आहे. या दोन काळांत विरोध नाहीं. पेटी १९४२ सालीं तयार झाली व तिच्यावरील पत्ता १९५० नंतर लिहिला गेला. म्हणजे ती निदान आठ वर्षें वापरांत किंवा जपून ठेवलेली होती. वस्तूवरील साल हें तिच्या जन्माचें असतें, तिच्या आयुष्याचें नव्हे. १९३७ च्या पद्धतीचे पट्टे स्वातंत्र्यानंतरहि वर्षानुवर्षें भारतीय सैन्यांत वापरले गेले. म्हणून ‘१९४२ सालची बाटली’ म्हणजे ‘१९४२ च्या लढाईंतली बाटली’ असें घाईनें म्हणूं नये. विक्रेता तसें सांगेल. वस्तु तसें सांगत नाहीं.

आतां सावधगिरीच्या दोन गोष्टी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळच्या लष्करी होकायंत्रांत अंधारांत वाचतां यावें म्हणून रेडियममिश्रित रंग लावीत. तो रंग आज चमकत नाहीं, म्हणून तो निर्धोक झाला, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. चमकणारें द्रव्य कांहीं दशकांत निकामी होतें. रेडियम मात्र निम्मा होण्यासच सुमारें १६०० वर्षें लागतात. असें यंत्र उघडूं नये, त्यांतील रंग खरवडूं नये, तें मुलांच्या हातीं देऊं नये.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. काडतूस, गोळा, फ्यूज किंवा ओळखूं न येणारी बंद धातूची नळी ही संग्राह्य वस्तु नव्हेच. तिला हात न लावतां पोलिसांना कळवावें. जुना दारूगोळा जुना झाल्यानें शांत होत नाहीं. २० नोव्हेंबर २०१८ रोजीं पुलगांवजवळ कालबाह्य दारूगोळा नष्ट करण्याच्या कामावर स्फोट होऊन सहा माणसें प्राणांस मुकलीं. त्यांत आसपासच्या गांवांतील मजूरहि होते. जेथें जाणत्यांच्या देखरेखीखालीं असा प्रसंग ओढवतो, तेथें भंगाराच्या दुकानांतील हातोडीचा काय भरंवसा?

उरली जतनाची गोष्ट. चिंच, राख किंवा पॉलिश लावून वस्तु लख्ख करण्याचा मोह आवरावा. पितळेची काळिमा ही वस्तूची अब्रू आहे, मळ नव्हे. आणि हातानें कोरलेला क्रमांक घासण्यानेंच सर्वांत आधीं जातो. कोरड्या मऊ कापडानें धूळ पुसावी, शिक्क्यांचीं छायाचित्रें तिरप्या उजेडांत घ्यावीं, वस्तु कोठें, केव्हां व कोणाकडून मिळाली हें एका कागदावर लिहून तो कागद तिच्याजवळच ठेवावा. कापडी वस्तूवरील छापा धुवूं नये. पेटीवर जुन्या रंगाखालीं आणखी जुना रंग दिसत असेल, तर नवा हात देऊं नये.

आणि ज्या घरांत अशी पेटी अद्याप माळ्यावर आहे, त्या घरानें ती विकण्यापूर्वीं एकदां खालीं उतरवून तिच्यावरचीं अक्षरें वाचावीं. घरांतील वडील माणसांना त्या नांवाविषयीं विचारावें आणि ऐकलेलें टिपून ठेवावें. शिक्का पलटण सांगेल, साल सांगेल, कारखाना सांगेल. परंतु तो शिपाई कोणाचा आजा होता, तो कोठून परत आला किंवा परत आलाच नाहीं, हें सांगणारा साक्षीदार धातूंत नसतो. तो माणसांत असतो, आणि त्याचें आयुष्य पत्र्यापेक्षां फार थोडें असतें.